सासरच्या डोंगरावरचा अधिक महिना

दक्षिण कोरियाच्या उत्तर ग्योंगसांग प्रांतातील आंदोंग हे माझ्या पतीचे मूळ गाव. नेमके सांगायचे तर घर शहरात नसून त्याच्या आग्नेयेला, गिरान नावाच्या डोंगराळ, सफरचंदांच्या आणि मिरचीच्या पट्ट्यात आहे. लग्नाला तेरा वर्षे झाली आणि या काळात आम्ही न्यू जर्सीहून चार वेळा तेथे जाऊन आलो. मात्र दर वेळी आठ-दहा दिवसांचे पाहुणे म्हणून, आणि पाहुण्याला कोणत्याही घराचे खरे पोट दिसत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात मी आणि माझी दहा वर्षांची लेक तेथे नऊ आठवडे राहिलो. कारण आनंदाचे नव्हते.

२२ मार्च २०२५ रोजी शेजारच्या उइसोंग परगण्यात वणवा लागला आणि कोरड्या वाऱ्यावर तो तीन-चार दिवसांत आंदोंग ओलांडून पार पूर्व किनाऱ्यावरच्या योंगदोकपर्यंत पोहोचला. उइसोंगमधील गोउनसा हे हजाराहून अधिक वर्षांचे बौद्ध मंदिर त्यात जळाले. सासरचे घर वाचले, सफरचंदाच्या कडेच्या दोन ओळी करपल्या आणि घरामागचा कुळाचा डोंगर, ज्याला कोरियन भाषेत सोनसान म्हणतात आणि जेथे सात पिढ्यांची थडगी आहेत, तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळा झाला. कोणी तरी आपल्या वाडवडिलांच्या थडग्याभोवती साफसफाई करत असताना ही ठिणगी पडली, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. सासऱ्यांनी फोनवर ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते फक्त इतकेच म्हणाले, की मार्चमध्ये आम्हीही तेच करतो.

त्याच फोनमध्ये त्यांनी सांगितले, की यंदा अधिक महिना आहे आणि डोंगराचे काम त्यात करायचे आहे. पतीला दोन आठवड्यांहून अधिक रजा मिळणार नव्हती. मी शिक्षिका असल्यामुळे मला सुटी होती. जूनच्या अखेरीस लेकीची शाळा संपली आणि आम्ही दोघी निघालो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. लेकीकडे अमेरिकेचा आणि कोरियाचा असे दोन पासपोर्ट आहेत. माझा भारतीय असल्यामुळे मला ९० दिवसांपर्यंतचा अल्पमुदतीचा व्हिसा काढावा लागला. त्यासाठी सासऱ्यांनी कुटुंबनोंदीचा दाखला पाठवला. पूर्वी कोरियात घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाखाली सगळ्या कुटुंबाची नोंद होत असे. ती पद्धत २००८ पासून बंद झाली आणि आता प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र दाखला निघतो. पतीच्या दाखल्यावर माझे नाव हांगुल लिपीत होते. कोरियन भाषेत ‘व’ हा उच्चार नाही आणि ‘ळ’ तर नाहीच, त्यामुळे माझ्या नावाआडनावातली दोन अक्षरे तेथे वेगळीच होऊन बसलेली आहेत आणि सरकारदरबारी मी त्याच रूपात त्या घराची सून आहे.

इंचॉन विमानतळावर उतरून सोलच्या छोंग्न्यांग्नी स्थानकावरून आंदोंगची वेगवान गाडी पकडली, की दोन तासांत पोहोचता येते. स्थानकावर थोरले दीर घ्यायला आले होते. गाडीत बसल्यावर लेकीने त्यांना हाक मारताना जो शब्द वापरला, त्याचा अर्थ ‘मोठे वडील’ असा होतो, म्हणजे आपला थोरला काका. नात्यांच्या बाबतीत मला कोरियन भाषा शिकवावी लागली नाही, उलट न्यू जर्सीत इंग्रजीपुढे जी नाती सपाट झाली होती ती तेथे पुन्हा उभी राहिली. आत्या वेगळी, मावशी वेगळी, मामा वेगळा, जाऊ वेगळी आणि नणंद वेगळी. थोरल्या जाऊबाईंना मी ‘ह्योंगनिम’ म्हणते, सासूबाईंना ‘ओमोनिम’. मला नावाने कोणीही हाक मारत नाही. मी लेकीच्या नावापुढे ‘आई’ लावून ओळखली जाते. माझ्या आजीला वेंगुर्ल्यात सगळे जण ‘बाबल्याची आवशी’ म्हणत, आणि तिचे खरे नाव मला ती गेल्यावर कळले.

पहिल्या आठवड्यात मला कोणतेही काम देण्यात आले नाही. हा मान होता, पण त्याचा अर्थ मी अजून पाहुणीच होते. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पहाटे पाचला शेतात जातात, नऊला परततात, कारण त्यानंतर गावाच्या भोंग्यावरून गावप्रमुख उन्हात शेतावर न जाण्याची सूचना देतो आणि त्याच वेळी सगळ्यांचे फोन इशाऱ्याच्या कर्कश आवाजात एकदम ओरडतात. दुपारी गावातले म्हातारे वृद्धांच्या सभागृहात एसीखाली बसून पत्ते खेळतात. कोकणात वाढलेल्या मला उन्हाळ्याचे कौतुक नव्हते, पण डोंगरांच्या खोलगट वाटीत अडकलेला हा दमट उकाडा आमच्या मे महिन्यापेक्षा उणा नव्हता.

आठव्या दिवशी सासूबाईंनी माझ्यासमोर खारवलेला बांगडा ठेवला आणि तो धुऊन, काटा न काढता भाजायला सांगितले. आंदोंग समुद्रापासून दूर आहे. पूर्वी योंगदोकच्या किनाऱ्यावरून बांगडा माणसांच्या पाठीवरून आणि बैलगाडीतून येई, आणि तो नासण्याच्या जेमतेम आधी त्याला मीठ लावत. म्हणून समुद्र नसलेल्या या गावाची खूण खारा बांगडा आहे. जात आमच्या बांगड्याहून निराळी, अंगाने मोठी आणि चरबीची, पण वास तोच. मी तो किती वेळ पाण्यात ठेवला, चिरा कशा दिल्या, हे सासूबाईंनी काही न बोलता पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला माझ्या दारावर टकटक झाली आणि दाराबाहेर रबरी बूट ठेवलेले होते.

मिरचीच्या शेतात बसून चालायचे असते. कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांनी बांधायचे स्पंजचे गोल आसन मिळते. ते बांधून माणूस बदकासारखा दिसतो, पण पाठ वाचते. जुलैच्या अखेरीपासून लाल मिरची तोडायला येते आणि मग दर आठ-दहा दिवसांनी एक तोडणी, अशा पाच-सहा होतात. तोडलेली मिरची धुऊन आधी यंत्रात थोडी सुकवायची आणि मग प्लॅस्टिकच्या हरितगृहात उन्हात घालायची. केवळ उन्हात सुकलेल्या मिरचीला भाव जास्त मिळतो, पण पावसाचा भरवसा नसल्यामुळे सासूबाई हा मधला मार्ग काढतात. आमच्याकडे आगोटीची मिरची मे महिन्यात अंगणात वाळत पडते, तेव्हा घरात शिंकांची जी लाट येते ती तेथेही आली, आणि लेक दोन दिवस तोंडाला रुमाल बांधून फिरत होती.

जुलैच्या मध्यात पतीच्या आजोबांचे वर्षश्राद्ध होते. ‘जेसा’ हा शब्द मी अनेकदा ऐकला होता; प्रत्यक्ष स्वयंपाकघरातून मात्र प्रथमच पाहिला. त्या ताटांत लसूण आणि लाल तिखट चालत नाही. पीच हे फळ ठेवत नाहीत, कारण त्याने आत्मे पळतात असे मानतात. लाल फळे पूर्वेला, पांढरी पश्चिमेला; मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला. आंदोंगमध्ये उकडलेला ऑक्टोपस नसेल तर पूजा अपुरी समजतात. थोरल्या जाऊबाई आणि मी दोन दिवस पिठात घोळलेल्या भाज्या आणि मासे तळत होतो. त्या म्हणाल्या, की सोलमध्ये त्यांच्या मैत्रिणी हे सगळे तयार मागवतात आणि त्यांनाही तसेच करायचे आहे, पण सासरे असेपर्यंत नाही. मला त्यांचे पटले. श्रद्धा पुरुषांची आणि कढई बायकांची, ही वाटणी मला वेंगुर्ल्याच्या म्हाळापासून ठाऊक आहे.

रात्री अकराला विधी सुरू झाला. दार किंचित उघडे ठेवलेले होते. पुरुषांनी दोनदा आणि स्त्रियांनी चारदा जमिनीवर डोके टेकले. भातात चमचा उभा रोवून सगळे जण खोलीबाहेर आले आणि दार लोटून घेतले. आत बसलेल्याला नऊ घास खाता येतील इतका वेळ थांबायचे असते. त्या अंधाऱ्या पडवीत कोणी बोलत नव्हते. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहताना जी शांतता पसरते, तिच्यात थोडी धाकधूक असते, की गेलेल्याचे काही राहिले तर नाही ना. येथे ती नव्हती. येथे म्हाताऱ्याला निवांत जेवू द्यायचे होते, एवढेच. थोड्या वेळाने सासरे तीनदा खाकरले, आपण आत येत आहोत हे कळवायला, आणि दार उघडले.

विधीत कागदावर गेलेल्यांची नावे लिहून लावतात आणि शेवटी तो कागद जाळतात. आजोबांच्या शेजारी आजींचाही कागद होता, पण त्यावर त्यांचे नाव नव्हते. फक्त माहेरच्या कुळाचे मूळ गाव आणि आडनाव होते. कोरियात आडनावे थोडी असल्यामुळे प्रत्येक आडनावामागे कुळाचे उगमस्थान सांगतात. माझे सासर ‘आंदोंगचे क्वोन’. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही, मेल्यावरही तेच राहते. जेवताना सासऱ्यांनी मला गंभीरपणे विचारले, की तुझ्या कागदावर पुढे काय लिहायचे, तुझ्या कुळाचे मूळ गाव कोणते. तेरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सांगितले, की माझ्या माहेरच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे आणि त्याच्या आधीचे अख्खे आडनाव म्हणजे गावच आहे, त्यामुळे वेगळे सांगण्याची गरजच नाही. हे त्यांना इतके आवडले, की पुढचे दोन दिवस ते वृद्धांच्या सभागृहात प्रत्येकाला सांगत होते.

२५ जुलैला अधिक महिना लागला, तो २२ ऑगस्टपर्यंत चालला. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि ती तूट भरायला दोन-तीन वर्षांनी एक महिना जादा धरतात, हे आपल्याकडेही तसेच. मात्र दोन्हीकडचे गणित निराळे असल्यामुळे महिने जुळत नाहीत. आपला मागचा अधिक महिना २०२३ च्या श्रावणात येऊन गेला होता. आपल्याकडे या महिन्यात मंगलकार्ये करत नाहीत आणि जावयाला अनारसे देतात. कोरियात समजूत अशी, की हा महिना हिशेबाबाहेरचा, माणसांवर लक्ष ठेवणाऱ्या देवांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून एरवी ज्या कामांना हात लावायला भीती वाटते ती यात करून घ्यायची. अधिक महिन्यात प्रेत उलटे उभे केले तरी बाधत नाही, अशी तेथे म्हणच आहे. त्यामुळे थडगी हलवणे, दुरुस्त करणे आणि आपली शेवटची वस्त्रे शिवून ठेवणे, ही या महिन्याची कामे. वस्त्रे आधी शिवून ठेवली की आयुष्य वाढते, असेही मानतात.

सासूबाईंनी ठाण आठ वर्षांपूर्वीच घेऊन ठेवले होते. गिरानच्या शेजारी गुम्सो नावाचे गाव आहे, तेथे अंबाडीसारख्या दिसणाऱ्या, पण भांगेच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून आंदोंगचे प्रसिद्ध कापड विणतात. लागवडीला सरकारी परवाना लागतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाड कापून वाफवतात, साल सोलतात, नखांनी आणि दातांनी तिचे बारीक धागे फाडतात आणि मांडीवर वळून एकाला एक जोडतात. कापडाचा बारीकपणा ताण्याच्या धाग्यांवर मोजतात. ८० धाग्यांचा एक ‘से’, आणि सासूबाईंचे कापड सहा सेचे होते. रंग सुकलेल्या गवताचा, हाताला कडक आणि थंड.

शिवायला गावातल्या तीन बायका आल्या. पडवीसारख्या लाकडी ओट्यावर, ज्याला तेथे ‘मारू’ म्हणतात, चटया पसरल्या आणि पंखा लावला. मला प्रसंग गंभीर वाटत होता, त्यांना नव्हता. एकीने सासूबाईंचे माप घेताना विचारले, की गेल्यावर तू बारीक होशील की जाड, आणि सगळ्या हसल्या. मला एक बाही दिली होती. मी सुई ओवली आणि सवयीने दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली. सासूबाईंनी माझ्या हातातून दोरा घेतला, गाठ कात्रीने कापून टाकली आणि परत दिला. या वस्त्रात कोठेही गाठ नसते, टाका मागे वळवत नाहीत आणि खिसा ठेवत नाहीत. जाणारा अडकू नये म्हणून. त्यानंतर तीन तास मी गाठ न मारता शिवत होते, आणि पहिले दोन टाके दर वेळी निसटून येत होते.

संध्याकाळी पतीचे चुलतभाऊ आले, ते शाळेत इतिहास शिकवतात. त्यांचे म्हणणे असे, की या कापडाची वस्त्रे मृतांना घालणे ही जुनी रीत नाहीच. जपान्यांच्या आधीच्या जोसोन राजघराण्याच्या काळात मृताला त्याची उत्तमातली उत्तम, शक्य तर रेशमी वस्त्रे घालत आणि हे खरखरीत कापड सुतक पाळणारे नेसत. जपानी राजवटीने १९३४ मध्ये विधींचे नियम काढले, त्यानंतर हे पसरले. त्यांचे बोलणे मला वजनदार वाटले. सासूबाईंनी शांतपणे विचारले, की मग रेशमाचे पैसे तू देतोस का.

९ ऑगस्टला, उन्हाळ्याच्या तीन कडक दिवसांपैकी शेवटच्या दिवशी, पती आले; त्या दिवशी जिनसेंग घातलेले कोंबडीचे उकळते सूप घाम गाळत प्यायचे असते, ते आम्ही प्यालो. तीन दिवसांनी सगळे डोंगरावर गेलो. मी छायाचित्रांत पाहिलेला डोंगर सबंध काळा होता. आता वर पाहिले तर पाइनची काळी, निष्पर्ण खोडे तशीच उभी होती. खाली मात्र ओकचे कोवळे फुटवे गुडघ्यापर्यंत आले होते आणि थडग्यांचे गोल उंचवटे हिरवे होते. गवत वरून जळाले, मुळे जिवंत राहिली. तीन थडग्यांवर मात्र जळता वृक्ष कोसळल्यामुळे मातीच उघडी पडली होती, आणि एकापुढचा दगडी पाट उष्णतेने तडकून दोन तुकडे झाला होता.

जमिनीला हात लावण्याआधी डोंगराच्या देवाला तांदळाची दारू, सुका मासा आणि फळे ठेवली. आमच्याकडे राखणदाराला राखण दिल्याशिवाय कोणी बांध फोडत नाही; मी आपोआप हात जोडले आणि थोरल्या जाऊबाईंनी माझ्याकडे पाहून तसेच केले. मग वाद झाला, तोही डोंगरावरच. एका चुलत दिरांचे मत, की सगळी थडगी उघडून अस्थी जाळाव्यात आणि एका ठिकाणी लहान कलशांत ठेवाव्यात. देशात आता ९० टक्क्यांहून अधिक मृतांचे दहनच होते आणि वीस वर्षांनी येथे गवत कापायला कोणीही नसेल. सासरे खूप वेळ गप्प होते. शेवटी ते म्हणाले, की ज्यांनी आत्ताच एकदा आग सोसली त्यांना मी पुन्हा आगीत घालणार नाही. माझ्यानंतर तुम्ही काय करायचे ते करा. चुलत दीर पुढे काही बोलले नाहीत आणि त्यांनीच पहिली करवत सुरू केली.

तीन दिवस काम चालले. पुरुषांनी जळकी झाडे कापली, आम्ही खालून गवताचे चौकोनी तुकडे पाटीतून वर नेले, उंचवट्यांवर बसवले आणि पायाने दाबले. लेक आणि तिची चुलत भावंडे बाटल्यांतून पाणी आणून घालत होती. चौथा दिवस १५ ऑगस्ट होता, जपानपासून कोरिया मुक्त झाल्याला ८० वर्षे पूर्ण झाली होती. लेकीने गावाच्या सभागृहात जाहीर केले, की हा तिच्या आईच्याही देशाचा सण आहे, आणि तिला कलिंगडाच्या दोन फोडी जास्त मिळाल्या.

डोंगराचे काम झाल्यावर सासऱ्यांनी वंशावळीचे खंड काढले. क्वोन कुळाची १४७६ मध्ये छापलेली वंशावळ ही कोरियातली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मानतात. तिच्यात मुलगे आणि मुली जन्माच्या क्रमाने लिहिलेल्या आहेत आणि मुलींचे वंशजही, त्यामुळे त्यातल्या सुमारे ९ हजार नावांत क्वोन थोडेच आहेत. नंतरच्या शतकांत मुलगे आधी आले आणि मुलीच्या जागी जावयाचे नाव बसले. सासऱ्यांकडचे खंड त्या नंतरच्या पद्धतीचे. पतीच्या नावाखाली समासात त्यांनी पेन्सिलीने काही लिहिलेले होते. लेकीचे नाव नदीचे आहे. त्यांनी ते हांगुलमध्ये लिहून शेजारी नदीचे चिनी अक्षर काढले होते, आणि त्याखाली माझे आडनाव, गावासकट. पुढच्या छपाईत ते घेतले जाईल का, असे मी विचारले. ते म्हणाले, की आता मुलींची नावे घेतात, आणि नाही घेतले तर १४७६ चा खंड घेऊन मी स्वतः जाईन.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावले. लाकडी पेटीत सर्वांत खाली कागदात गुंडाळलेली दोन गाठोडी होती, एक सासऱ्यांचे आणि एक त्यांचे, आणि त्यांवर फ्रेम केलेली दोघांची छायाचित्रे उपडी ठेवलेली होती. डाव्या बाजूचे माझे, त्या म्हणाल्या. थोरलीला माहीत आहे, तुलाही असू दे, मुलग्यांना वेळेवर काही सापडत नाही. मी बाही ओळखली, कारण तिचे पहिले दोन टाके कोणी तरी पुन्हा घातले होते. त्यांनी पेटी बंद केली, किल्ली भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे लटकवली आणि मला स्वयंपाकघरात पाठवले. मिरचीच्या भुकटीच्या पिशव्या तोलायच्या होत्या, आणि विमानात आम्हाला माणशी २३ किलोंच्या दोनच बॅगा होत्या.